रायझन ५६०० आणि ५६००जी: नाव जवळपास तेच, चिप वेगळी

लॅमिंग्टन रोडवर फिरा किंवा ऑनलाइन शोधा, बेताच्या बजेटात पहिला गेमिंग पीसी जुळवायला निघालात की एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) दोन प्रोसेसर हमखास समोर येतात: रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी. दोन्हींत ६ कोर, १२ थ्रेड. दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, दोन्ही ६५ वॅटचे, खोक्यातला कूलरही तोच, रेथ स्टेल्थ. मग वाटतं, ‘जी’वाल्यात ग्राफिक्स (पडद्यावर चित्र काढणारा भाग) वरकड मिळतंय तर तोच घ्यावा, वेगळं ग्राफिक्स कार्ड पुढे कधीतरी टाकू. पण ५६००जी म्हणजे ‘५६०० अधिक ग्राफिक्स’ नव्हे.

हा घोळ इंटेलच्या सवयीमुळेही होतो. आय३-१२१०० आणि १२१००एफ यांत फरक एवढाच की ‘एफ’मध्ये ग्राफिक्स बंद असतं, कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), लेन (कार्डाशी बोलायच्या वाटा), बाकी सगळं तेच. एएमडीचं तसं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानांत आलेला ५६००जी ‘सेझान’ या चिपचा, जी लॅपटॉपमध्येही वापरली गेली. एप्रिल २०२२ मधला ५६०० ‘व्हर्मीर’चा. ५६०० मध्ये एल३ कॅशे ३२ एमबी आहे, ‘जी’मध्ये निम्मा, १६ एमबी. ५६०० ला पीसीआयई ४.० मिळतं (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता, नवी आवृत्ती म्हणजे दुप्पट वेग), ‘जी’ ३.० वरच थांबतो.

कॅशेचा फरक कुठे जाणवतो? ग्राफिक्स कार्डच धापा टाकत असेल तर कुठेच नाही. पण १०८०पी वर, कमी सेटिंगला, सेकंदाला जास्त फ्रेम (चित्रं) काढायला बसलात की भार प्रोसेसरवर येतो, आणि तेच कार्ड असूनही ‘जी’ दहा-पंधरा टक्के मागे पडतो, गेमनुसार कमीजास्त.

पीसीआयईचा फरक मात्र थेट स्वस्त कार्डांच्या मुळावर येतो. आरएक्स ६६०० ला ८ लेन आहेत आणि ८ जीबी मेमरी, ३.० वर तिचं फारसं बिघडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटीला लेन फक्त ४, आणि सर्रास मिळणाऱ्या तिच्या आवृत्तीत मेमरी ४ जीबी. मेमरी भरली की टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) पीसीच्या रॅममधून ओढावे लागतात. ४.० वर त्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी येतात, ३.० वर ४ जीबी. परिणाम सरासरी फ्रेममध्ये कमी आणि अडखळण्यात जास्त दिसतो. ‘आत्ता जी, पुढच्या वर्षी एखादं छोटं कार्ड’ हा सगळ्यात लोकप्रिय बेत नेमका इथे फसतो. उलट, ५६०० घेऊन तो बी४५० किंवा ए५२० मदरबोर्डवर बसवला तरी ४.० मिळत नाही, कारण त्या चिपसेटना ते येतच नाही. बी५५० हवा.

मग ‘जी’ कुणी घ्यावा? कार्डासाठी पैसे वर्ष-दीड वर्ष तरी हाती येणार नाहीत, त्याने. आतलं व्हेगा ग्राफिक्स ७ कम्प्यूट युनिटचं आहे. व्हॅलोरंट १०८०पी ला कमी सेटिंगवर शंभरावर फ्रेम देतं, जीटीए ५ साध्या सेटिंगवर नीट खेळता येतो. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेमना ७२०पी वर उतरूनही दम लागतो.

पण हे सगळं रॅमवर अवलंबून. व्हेगाला स्वतःची मेमरी नाही, ते तुमचीच रॅम वापरतं. त्यामुळे १६ जीबीची एकच पट्टी घेऊन ‘दुसरी नंतर’ म्हणाल तर चालणार नाही. डीडीआर४ ३२०० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१.२ जीबी वाहतात, एकच असेल तर २५.६, आणि फ्रेम धडाधड पडतात. ८ जीबीच्या दोन घ्या, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅम लिहिलेल्या वेगाने चालवायची सोय, सुरू करा. नाहीतर ३२०० लिहिलेली रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वरच चालते. काही गेम व्हिडिओ मेमरी कमी दिसली की सुरूच होत नाहीत, त्यासाठी बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम, २ जीबी करून ठेवा. मग विंडोजमध्ये १६ ऐवजी १४ च्या आसपास जीबी दिसेल. रॅम गायब झालेली नाही, ग्राफिक्सला दिलेली आहे.

सहा महिन्यांत कार्ड नक्की येणार असेल तर ५६०० च घ्या, आणि तोवर एखादं जुनंपानं कार्ड मागून आणा. कार्डाशिवाय ५६०० वर पडदा काळाच राहतो. मदरबोर्डवर एचडीएमआयचं भोक आहे म्हणून चित्र येत नाही. ‘जी’मध्ये याच्या उलट गंमत होते. नवीन कार्ड बसवलं, पण मॉनिटरची वायर सवयीने मदरबोर्डलाच राहिली, तर काही मदरबोर्डांवर चित्र येतं, गेमही चालतो, पण बहुधा व्हेगावर. तसं झालं की कार्ड आत नुसतं बसून असतं आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. वायर खाली कार्डाला लावा. एका बाबतीत मात्र ‘जी’ला दाद द्यायला हवी: कार्ड वॉरंटीत गेलं तर पीसी बंद पडत नाही.

‘जी’ काढून पुढे ५६०० बसवणाऱ्यांनी एक सांभाळावं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. थंड कूलर सरळ वर ओढला तर घट्ट झालेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू सोडवून कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, सैल झाला की मगच उचला.

एएमडीने हा गोंधळ आणखी वाढवून ठेवलाय. ५५०० म्हणजे सेझानच, ग्राफिक्स बंद करून: १६ एमबी, ३.० आणि कार्ड सक्तीचं. ‘५६००पेक्षा थोडासाच स्वस्त’ म्हणून गळ्यात मारला जातो, तो हा. ५७०० चं तेच. ३२ एमबी कॅशे हवा तर ५७००एक्स बघा. ट्रेमधला सुटा प्रोसेसर घेत असाल तर कूलर वेगळा घ्यावा लागेल हे धरून हिशेब करा, आणि दुकानातच पीसी सुरू करवून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. एल३ कॅशेपुढे १६ दिसलं तर तो ५६०० नाही, बिलावर काहीही लिहिलेलं असो.