फाल्गुन अमावस्या, मेसिए मॅरेथॉन आणि 102 नंबरचा घोळ

मार्च आला की आमच्या आकाशदर्शनवाल्यांत दरवर्षी तोच विषय निघतो, यंदा मेसिए मॅरेथॉनला, म्हणजे मेसिएच्या यादीतले सगळे धूसर ठिपके एका रात्रीत बघायला, कोण कोण येणार आणि त्यातला 102 नंबरचा धरायचा की नाही. नवीन मुलांना हा वाद नक्की काय ते कळत नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो.

मूळ यादी 18व्या शतकातल्या पॅरिसच्या मेसिए नावाच्या एका धूमकेतू शोधणाऱ्याची. धूमकेतू समजून पुन्हा पुन्हा फसायला नको म्हणून त्याने आकाशातले धूसर ठिपके नोंदवून ठेवले. 1781 च्या छापील यादीत 103 होते, उरलेले 7 विसाव्या शतकात जोडले गेले. सगळे एका रात्रीत बघायची कल्पना 1970 च्या दशकात अमेरिका आणि स्पेनमधल्या हौशी लोकांना वेगवेगळी सुचली. मार्चच्या मध्यापासून सूर्य मीन राशीत असतो, तिथे आसपास मेसिएचे ठिपके फार कमी, म्हणून हे जमतं. आपल्याकडे ती रात्र बऱ्याचदा फाल्गुन अमावस्येची येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाडवा.

आता 102. मूळ यादीत याची नीट जागाच दिलेली नाही, भूतप तारकासमूहातला एक तारा आणि कालेय तारकासमूहातला एक तारा यांच्या मधे, एवढंच वर्णन. मेसिएच्या ज्या सहकाऱ्याने तो कळवला होता त्यानेच 1783 साली पत्र लिहून सांगितलं की चूक झाली, तो 101 च होता, दोनदा नोंदवला गेला. इथे विषय संपायला हवा होता. पण भूतपमधला तारा छापल्याप्रमाणे ओमायक्रॉन न धरता थीटा धरला (ही दोन ग्रीक अक्षरं छपाईत सहज बदलू शकतात) तर वर्णन कालेयमधल्या एका दीर्घिकेला (गॅलेक्सीला) बरोबर बसतं, ती म्हणजे एनजीसी या नंतरच्या मोठ्या यादीतली 5866. त्यामुळे काही लोक म्हणतात यादी 109 चीच, काही म्हणतात 110. माझं मत विचाराल तर ज्याने पाहिला त्याने स्वतः चूक कबूल केली असताना आपण दुसरी दीर्घिका त्याच्या नावावर का टाकायची? पण मॅरेथॉनमध्ये बहुतेक ठिकाणी 5866 धरतात, आणि ती दीर्घिका खरंच देखणी आहे, कडेने दिसणारी, चातीसारखी निमुळती, त्यामुळे शोधून काढा, फक्त वहीत काय पाहिलं ते नावानिशी लिहा.

आपल्याकडचे बरेच ग्रुप 1985-86 च्या हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी जमले. नव्वदीत वांगणी-नेरळकडे शेवटच्या कर्जत लोकलने जायचं, हाताने घासलेल्या आरशाची 6 इंची दुर्बीण दोघांनी धरायची, बॅटरीला लाल जिलेटीन पेपर, आणि नकाशे झेरॉक्स केलेले. एक जण नकाशा वाचणार, एक आयपीसला (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला), एक वेळ लिहिणार, कन्येत तर एवढ्या दीर्घिका दाटीने आहेत की तिघांशिवाय निभावत नाही. "दिसला का?" "नाही." "सरळ नको बघूस, तिरकं बघ." (फिकं काही डोळ्याच्या कडेने जास्त नीट दिसतं.) मग आयपीसवाला अंधारात हळूच "हं" म्हणतो, आणि दुसऱ्याने डोळा लावून खात्री केल्याशिवाय वहीत टिक करायची नाही. माझे तीस वर्षांपासूनचे मित्र या टिकांमधून मिळालेत, काहींचे चेहरे उजेडात नीट पहाटेच पाहिले होते.

नंतर गो-टू दुर्बिणी आल्या, बटण दाबलं की दुर्बीण स्वतः वळते. काही ठिकाणी मॅरेथॉनला त्या चालत नाहीत, आणि मला ते पटतं, कारण शोधायचंच नसेल तर शेजारच्याला हाक कशाला मारायची. पण गुडघे दुखणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांना त्यामुळे येता येतं हेही खरं.

सगळ्यात जास्त नुकसान उजेडाने केलं. वांगणीत टॉवर उभे राहिले, आणि पश्चिमेला डोंगरामागून मुंबई-कल्याणचा उजेड वर येतो. मॅरेथॉनची सुरुवात तिथूनच, संधिप्रकाशात मीनमधला 74 आणि तिमिंगलातला 77 मावळायच्या आत पकडायचे असतात. 74 आधीच फिका, आता तिथून तो मिळेल ही आशा सोडलेली बरी. म्हणून ग्रुप आणखी लांब जाऊ लागले, लोकल सोडून गाड्या करून.

शेवटचा मकरेतला 30. तो पूर्वेला वर येईपर्यंत उजाडायला लागतं, कोणी चहाचा थर्मास उघडतं, कोणी घरी गुढी उभारायची आहे म्हणून घाई करतं, आणि कोणीतरी एक जण आयपीसवरून डोळा न काढता म्हणतो, थांबा रे, अजून दोन मिनिटं.