डायच्या मापात मेणाचा वाटा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्यावर टर्नर-फिटर मंडळी जमली, की कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर मशिनचा व्हिडिओ चालू असतोच. परवाचा व्हिडिओ अमेरिकेतला होता. एक आजोबा रायफलच्या वापरलेल्या पितळी पुंगळीला बोटानं मेणासारखं काहीतरी चोळतात, ती डायमध्ये, म्हणजे मापाच्या पोलादी साच्यात घालतात, हातप्रेसचा दांडा खाली ओढतात आणि फुगलेली पुंगळी परत मापात येते, म्हणजे पुन्हा भरून वापरता येते. बघणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "पितळ मऊ, डाय पोलादाची. मग मेण कशाला लावायचं?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "अडकू नये म्हणून. दुसरं काय असणार की!"

उत्तर खरंय, पण निम्मंच. ते मेण पुंगळीचं मापही ठरवतं.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तेव्हा हे घरी करून बघायचं काम नव्हे. यातलं धातुशास्त्र मात्र आपल्याच शेडमधलं आहे.

गोळी सुटते तेव्हा पुंगळीच्या आत वातावरणाच्या साडेतीन-चार हजार पट दाब तयार होतो. पातळ पितळी भिंत फुगून चेंबरला, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि वायू मागे फिरू देत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसते, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. हे जे किंचित मागे येणं आहे, त्याला शेडमध्ये सगळेच स्प्रिंगबॅक म्हणतात. पत्रा वाकवणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं, की 90 अंश हवे असतील तर थोडं जास्तच वाकवावं लागतं.

ते किती, याचा हिशोब सोपा आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. ठोकून, ओढून कडक झालेलं हे पितळ साधारण 430 मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं. त्याचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, आहे सुमारे 110 गिगापास्कल, म्हणजे 1,10,000 मेगापास्कल. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. 0.4 टक्के येतात. पुंगळीचा व्यास 12 मिलिमीटर धरला, तर डायमधून सुटल्यावर ती जवळपास 0.047 मिलिमीटर परत फुगणार. हेच पितळ तापवून मऊ केलेलं असेल तर ते 100 मेगापास्कललाच वाकतं, आणि मग परतफुगी येते जेमतेम 0.011 मिलिमीटर. म्हणजे डाय तीच, दांडा तेवढाच ओढलेला, तरी दोन पुंगळ्यांत जवळपास दीड थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक पडला. डाय बनवणारा म्हणूनच ती मापापेक्षा लहान ठेवतो. पण किती लहान, हे पितळाच्या कडकपणाचा अंदाज बांधूनच ठरवावं लागतं.

खरी मजा पुंगळीच्या खांद्यापाशी आहे. रायफलची पुंगळी खाली जाड असते, वर बारीक मान असते आणि दोन्हींच्या मध्ये उतरता खांदा. डाय प्रेसमध्ये आट्यांवर बसते. एका इंचात 14 आटे, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की डाय 1.8 मिलिमीटर सरकते आणि एक अंश फिरवला की 5 मायक्रॉन. डाय थोडी वर ठेवून पुंगळी आत ढकलली, तर खांदा मागे दाबला जाईल असं वाटतं. होतं उलटंच. डायची भिंत आधी पुंगळीच्या अंगाला दाबते. दाबलेलं पितळ जाणार कुठं? ते पुढे सरकतं आणि खांद्याला पुढे ढकलतं. आता पुंगळी डायमध्ये जाण्यापूर्वी होती त्याहून लांब झाली, चेंबरमध्ये बसेना. डाय आणखी खाली घेतली, खांदा डायच्या उतारावर टेकला, की मगच तो मागे यायला लागतो. म्हणून जाणकार डाय एकदम बसवत नाहीत. थोडी फिरवतात, पुंगळी मोजतात, परत थोडी फिरवतात आणि खांदा एक-दोन थाऊ मागे आला की तिथं थांबतात. याहून जास्त मागे ढकलला, तर पुढच्या बाराला पितळ चेंबरमध्ये ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत होत शेवटी तुटते.

आता मेणाकडे येऊ. जोर पडला की प्रेसची लोखंडी चौकटही ताणते. रिकामी डाय खालच्या पकडीला टेकलेली दिसते, पण पुंगळी आत गेली की त्या दोहोंत फट पडते. जोर जितका जास्त, तितकी फट मोठी आणि तितकाच खांदा पुढे राहतो. जोर ठरतो घर्षणावर. पितळ पोलादावर कोरडं घासलं तर घर्षण मेण लावलेल्याच्या तिप्पट-चौपट होतं. एका पुंगळीला मेण जास्त लागलं, दुसरीला कमी, तर डायला हात न लावता दोघींची मापं वेगळी येतात. आणि एखादी कोरडीच गेली तर पितळ पोलादाला अक्षरशः चिकटतं. दांडा उलटा ओढला की पुंगळीची कड फाटून हातात येते आणि बाकीची डायमध्ये अडकून बसते.

इथं साधं मशिन ऑइल टिकत नाही. एवढ्या दाबाखाली ते पिळून बाहेर जातं. लॅनोलिन टिकतं. हे मेंढीच्या लोकरीतलं मेण. त्याच्या रेणूंचं एक टोक धातूला धरून ठेवतं आणि लांब शेपट्या ब्रशच्या केसांसारख्या बाहेर उभ्या राहतात. दोन धातू एकमेकांना भिडतच नाहीत, शेपट्याच शेपट्यांवर घसरतात. आपल्याकडच्या धनगराकडून न धुतलेली लोकर हातात घेतली की बोटं तेलकट होतात ना, तेच हे. महागड्या डब्यांवर 'नॅनो' लिहून विकलं जाणारं बरंचसं वंगण यापुढे फारसं काही जास्त करत नाही, असं माझं मत आहे.

पण लोणी थापल्यासारखं मेण लावूनही भागत नाही. जास्तीचं मेण खांद्यापाशी कोंडतं आणि पुंगळीला पोचे पाडतं. द्रव दबत नाही, हे हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या आपल्या गावाला कुणी सांगायला नको. कोंडलेल्या हवेला आणि मेणाला वाट मिळावी म्हणून काही डायना बाजूला बारीक भोक ठेवलेलं असतं.

डायमधून निघालेल्या पितळात अंतर्गत ताण मात्र अडकून राहतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती ठेवलेली असत घोड्यांच्या पागेत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळातला ताण, तिघांनी मिळून चिरा पाडल्या. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ही कारणं दाखवून दिली. यातलं एक जरी काढून घेतलं तरी चिरा पडत नाहीत. अमोनिया आणि पाऊस आपल्या हातात नाहीत, म्हणून ताण काढायचा. पितळ साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला तापवलं की आतला बराचसा ताण सुटतो आणि कडकपणा जवळपास तसाच राहतो. त्याहून बरंच जास्त तापवलं तर कण नव्यानं घडतात आणि पितळ मऊ पडतं. तांबट भांडं ठोकताना मध्येच भट्टीत धरतो, तो या दुसऱ्या कारणासाठी.

खानापूर-चिकोडीकडे जुन्या घरांत देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे गोठा असतो. तिथली समई आपोआप तडकली की कुणीतरी दृष्ट काढायला निघतं, कुणी शांत करायला सांगतं. दृष्ट काढण्याआधी समई पत्र्यातून दाबून केलेली आहे का ओतीव, ते बघा. दाबून केलेली असेल तर आधी तिची जागा बदला.