विंट संकेतन

विंट संकेतन : प्राण्यांच्या शरीरात एका पेशीने शेजारच्या पेशीला निरोप देण्याची एक फार जुनी रासायनिक पद्धत. विंट हे पेशीबाहेर स्रवणाऱ्या प्रथिनांच्या कुलाचे नाव असून माणसात त्यांची १९ जनुके आहेत. भ्रूणाचे डोके कुठे व शेपूट कुठे हे ठरण्यापासून आतड्याचे अस्तर सतत नवे होण्यापर्यंत, हाडांच्या बळकटीपासून कर्करोगापर्यंत या निरोपाची पोच आहे. वनस्पती आणि बुरशी यांच्यात विंट जनुके नाहीत. प्राण्यांत मात्र ती स्पंजापासून माणसापर्यंत सापडतात.

या यंत्रणेचा शोध दोन वेगळ्या वाटांनी लागला. पहिली वाट फळमाशीची. १९७३ साली आर. पी. शर्मा यांनी एका उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) माशीची नोंद केली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या माश्यांपैकी काहींना एक पंख नसे, काहींना दोन्ही नसत आणि पंखाच्या जागी छातीच्या पाठीकडचा भाग आरशातल्या प्रतिमेसारखा दुसऱ्यांदा उगवलेला दिसे. म्हणजे अवयव नुसता गळाला नव्हता, त्या जागेची ओळखच बदलली होती. या जनुकाला ‘विंगलेस’ म्हणजे पंखहीन असे नाव पडले. दुसरी वाट कर्करोगाची. उंदरांच्या स्तनात गाठी निर्माण करणारा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये नेमका कुठे शिरतो, हे शोधताना रूल न्यूसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांना १९८२ मध्ये ‘इंट-१’ हे जनुक सापडले. विषाणू त्याच्या शेजारी बसला की ते नको तिथे जागे होई. १९८७ मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या : इंट-१ आणि विंगलेस हे एकाच जनुकाचे दोन अवतार निघाले. दोन्ही नावांची जोड करून १९९१ मध्ये विंट हे नाव रूढ झाले. पंख घडवणारे आणि गाठ वाढवणारे जनुक एकच, हा त्या काळातला मोठा धक्का होता. भ्रूणविज्ञान आणि कर्करोगविज्ञान यांच्यातली भिंत पाडणाऱ्या शोधांत त्याची गणना करायला हवी.

यंत्रणेची मेख समजायची तर निरोप आलेला नसताना पेशीत काय चालते ते आधी पाहावे लागते. पेशी बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन सतत तयार करते आणि तितक्याच नेमाने नष्ट करते. अ‍ॅक्सिन आणि एपीसी ही प्रथिने त्याला धरून ठेवतात, केसीन कायनेज-१ आणि जीएसके-३ ही विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) त्याच्यावर फॉस्फेटच्या खुणा करतात. खूण झालेले प्रथिन प्रोटिअसोम या पेशीतल्या विघटन यंत्रात जाऊन मोडले जाते. विंट प्रथिन येऊन पेशीपटलावरील फ्रिझल्ड आणि एलआरपी-५ किंवा ६ या ग्राहींना (निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना) एकदम बिलगले की अ‍ॅक्सिन पटलाकडे ओढले जाते व ही मोडतोड थांबते. बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि टीसीएफ प्रथिनांच्या साथीने ठरावीक जनुके चालू करते. विंट कोणतीही नवी वस्तू आत पाठवत नाही. चालू असलेला नाश तेवढा रोखतो. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटेल, पण वस्तू आधीच तयार असल्याने पेशीला प्रतिसादासाठी ती मुळापासून बनवत बसावे लागत नाही.

विंट प्रथिनाला पेशीच्या आतच एक मेदाम्ल चिकटवले जाते. हे काम पॉर्क्युपाइन हे विकर करते. २०१२ मध्ये उलगडलेल्या रचनेत विंट प्रथिन अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत फ्रिझल्डला धरल्यासारखे दिसते. ते मेदाम्ल असते अंगठ्याच्या टोकाला आणि फ्रिझल्डच्या खोबणीत नेमके बसते. अशा स्निग्ध रेणूला पाण्यात एकट्याने लांब जाणे जड जाते, त्यामुळे विंटचा निरोप बहुधा जवळच्या जवळ दिला जातो.

भ्रूणात या निरोपाचे सामर्थ्य डोळ्यांनी दिसते. १९८९ मध्ये बेडकाच्या कोवळ्या भ्रूणात पोटाच्या बाजूला इंट-१ चा आरएनए टोचला, तेव्हा शरीराचा दुसरा अक्ष (डोक्यापासून शेपटीपर्यंतची रेषा) तयार झाला. प्लॅनेरिया या चपट्या कृमीत बीटा-कॅटेनिन बंद पाडले, तर कापलेल्या शेपटीच्या जागी डोके उगवते. विंट नेहमी ‘वाढ’ असेच सांगतो, हा समज मात्र चुकीचा आहे. निरोप तोच असला तरी एखादी पेशी त्यावर विभाजित होते, तर दुसरी आपली अंतिम ओळख धारण करते. अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्या पेशीच्या पूर्वस्थितीवरून. काही विंट तर बीटा-कॅटेनिनला न शिवता पेशींची दिशा आणि हालचाल बदलतात.

मूळपेशींच्या (नव्या पेशी पुरवत राहणाऱ्या पेशींच्या) बाबतीत सर्वांत स्पष्ट उदाहरण लहान आतड्याचे. त्याच्या अस्तरातील खोल खळग्यांच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्यांच्या अंगाला अंग लावून बसलेल्या पॅनेथ पेशी त्यांना विंट पुरवतात. तळापासून वर सरकणारी पेशी निरोपापासून दुरावते, विभाजन थांबवते, शोषणाचे किंवा स्रवणाचे काम पत्करते आणि चार-पाच दिवसांत गळून पडते. हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये या मूळपेशी एलजीआर-५ या खुणेवरून ओळखल्या आणि २००९ मध्ये अशा एकाच पेशीपासून प्रयोगशाळेतल्या पात्रात आतड्याची छोटी प्रतिकृती वाढवून दाखवली. पोषक द्रावात विंट संकेत तीव्र करणारे आर-स्पॉन्डिन हे प्रथिन घातलेले होते.

याच जागी बिघाड झाला की कर्करोगाची वाट मोकळी होते. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी जनुक निकामी झालेले आढळते. मग बाहेरून विंट आला नाही तरी बीटा-कॅटेनिन साचत राहते आणि पेशी खळग्याच्या तळाशी असल्यासारखी विभाजित होत राहते. एपीसीची सदोष प्रत जन्मतःच असलेल्या कुटुंबांत तरुण वयातच आतड्यात शेकडो गाठी उगवतात.

हाडांची गोष्ट उलट्या टोकाची आहे. एलआरपी-५ निकामी असलेल्या मुलांची हाडे ठिसूळ होतात आणि दृष्टीही जाते. त्याच जनुकातल्या वेगळ्या बदलाने हाडे असामान्य घट्ट होतात. हाडातल्या पेशी स्क्लेरोस्टिन हे प्रथिन स्रवून एलआरपीला अडवतात व हाडाची वाढ आवरतात. स्क्लेरोस्टिनलाच निष्प्रभ करणारे रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंड औषध २०१९ मध्ये अमेरिकेत ऋतुनिवृत्तीनंतरच्या गंभीर अस्थिसुषिरतेसाठी (हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या विकारासाठी) मंजूर झाले. कर्करोगात विंट दाबणारी औषधे मात्र अजून चाचण्यांतच अडकली आहेत : पॉर्क्युपाइन रोखले तर विंटचे स्रवणच थांबते आणि त्याची झळ निरोगी हाडांनाही बसते. शिवाय एपीसी मोडलेल्या गाठीवर त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तिथला बिघाड ग्राहीच्या पुढच्या टप्प्यावर झालेला असतो.