वॉल्टर पेजचा खर्ज

डबल बेसची, म्हणजे उभं राहून वाजवायच्या माणसाएवढ्या तंतुवाद्याची, सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. हवेतली ती लहर आठ मीटरहून लांब, आणि वाद्याचं लाकडी पोट मीटर-सव्वा मीटरचं. एवढ्या पेटीला ती लहर जोरात ढकलणं जमत नाही. शिवाय खर्जाच्या बाबतीत आपला कान मंदच. त्यामुळे १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक जॅझ बँडमध्ये खालची बाजू ट्यूबा, म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, सांभाळायचा.

मिसूरीतल्या गॅलेटिनचा वॉल्टर पेज (१९००–१९५७) ट्यूबाही वाजवायचा आणि डबल बेसही. १९२५पासून त्याने ओक्लाहोमा सिटीत 'ब्लू डेव्हिल्स' हा बँड चालवला. पियानोवादक काउंट बेसी, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग, गायक जिमी रशिंग हे सगळे त्यात होते. एवढ्या गुणी बँडची तबकडी मात्र एकच निघाली, १९२९ साली. पुढे पेज बेनी मोटेनच्या बँडमध्ये गेला आणि मोटेनच्या निधनानंतर आपल्याच जुन्या पियानोवाल्याच्या, बेसीच्या, बँडमध्ये उभा राहिला.

तिथे त्याने चार मात्रांच्या चारही ठोक्यांवर बेस चालता ठेवला. ट्यूबावाल्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो बहुतेकदा पहिली आणि तिसरी मात्राच धरायचा. तारेला दम लागत नाही. मिनिटाला २४० मात्रांची लय असेल तर प्रत्येक सुराला मिळतो पाव सेकंद. सर्वांत खालचा सूर तेवढ्यात जेमतेम दहा वेळा थरथरतो! मात्रा कळते ती तार बोटातून सुटतानाच्या 'ठप्'मुळे.

ताल धरायची ही जबाबदारी खर्जाकडेच का? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंच आणि खालचा असे दोन सूर एकदम ऐकवले, आणि अधूनमधून त्यांतला एक किंचित आधी वाजवला. खालचा सूर चुकला की मेंदूची प्रतिक्रिया जास्त तीव्र होती, ताल धरणारं बोटही त्याच्याच मागे गेलं. म्हणजे पियानोवरचा बेसी थोडा पुढेमागे झाला तर खपेल, पेज झाला तर सगळा बँड लंगडेल.

बेसीच्या बँडचं १९३७चं एखादं ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावा. त्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ची थरथर बाहेरच पडत नाही. बाहेर येतात तिच्या पटीतल्या वरच्या थरथरी, १२४, १६५, २०६ अशा. प्रत्येक दोहोंमधलं अंतर ४१च. मेंदू तेवढ्यावरून मूळ सूर ताडतो आणि पेज ऐकू येतो.