ओकिनावाचा साकुरा एप्रिलमध्ये नसतो

पुण्यात जपानची सहल ठरली की सगळे मार्चअखेर-एप्रिलचीच तिकिटं बघतात. 'साकुरा (चेरीचा बहर) तेव्हाच' हे वर्षानुवर्षं चालत आलंय. टोकियोपुरतं बरोबर. जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांवर मात्र तो जानेवारीच्या मध्यापासून फुलतो आणि फेब्रुवारीत ओसरतो. जातच वेगळी, कानहिझाकुरा. गडद गुलाबी, मान खाली घातलेली घंटेसारखी फुलं. पाकळ्या उधळत नाहीत, अख्खं फूल गळतं. बहर उत्तरेकडून दक्षिणेला सरकतो, मुख्य जपानच्या नेमका उलटा, कारण कळ्या उमलायला थंडी लागते आणि ती उत्तरेत आधी पडते. तिथल्या नाकिजिन गडाच्या तटाशी तो जरूर पाहावा. मेची सुट्टी पुणेकराला सोडवत नाही, पण तेव्हा तिथे पावसाळा. पोहायचंच असेल तर मात्र जानेवारी नको.