जखमीला उचललं की पोलीस मागे लागतात?

'अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेऊ नका. पोलीस तुम्हालाच अडकवतात, बिलही गळ्यात पडतं.' नाशिकच्या मुंबई नाका-द्वारका पट्ट्यातून रोज कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर हा सल्ला फिरत असतो. भीती अगदीच निराधार नव्हती. पूर्वी संरक्षण देणारा स्पष्ट कायदा नव्हता.

2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. निःस्वार्थपणे, सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकून जखमीला इजा झाली किंवा तो दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. स्वतःहून साक्षीदार झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी. उपचाराचे पैसेही तुमच्याकडे मागता येत नाहीत. (धडक तुमच्याच गाडीची असेल तर गोष्ट वेगळी.)

पडताळायचं असेल तर दवाखान्याच्या दारात बघा: मदतनीसाच्या हक्कांचा फलक मराठीतही लावणं नियमानं बंधनकारक आहे. नसेल तर विचारा.

खरा घोटाळा होतो तो घाईत. जखमीला हातपाय धरून रिक्षात कोंबलं तर मानेच्या मणक्याला इजा वाढू शकते. म्हणून आधी 108 लावा, पुलाचा किंवा चौकाचा नेमका पत्ता आणि रस्त्याची बाजू सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. पाणी पाजू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही ओढून काढू नका.