असिस्ट बाजार (एनबीए)

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या एका सामन्यात अमुक खेळाडू किती असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला थेट कारणीभूत ठरलेले पास) नोंदवील, यावरच्या करारांची खरेदी-विक्री म्हणजे असिस्ट बाजार. 'हा खेळाडू ८ किंवा अधिक असिस्ट देईल' या कराराची 'होय' बाजू खरी ठरली तर १ डॉलर मिळतो, नाहीतर शून्य. ५२ सेंट भाव म्हणजे बाजाराच्या मते शक्यता साधारण ५२ टक्के. अमेरिकेच्या सीएफटीसी या वायदे नियामकाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या कॅल्शी या करार-बाजाराने जानेवारी २०२५ मध्ये खेळांवरचे करार सुरू केले. हा जुगारच आहे, असे म्हणत अनेक राज्ये त्याविरुद्ध न्यायालयात भांडत आहेत.

असिस्टचा अंदाज बांधणे अवघड, कारण तो पास देणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतो. पास कितीही सुरेख असला तरी सहकाऱ्याचा फटका चुकला की असिस्ट नाही. एका बास्केटला एकच असिस्ट, मग ती दोन गुणांची असो वा तीन. फटका मारताना फाउल झाला आणि गुण फक्त फ्री थ्रोवर (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांवर) आले, तर एनबीएत पास देणाऱ्याला काहीच मिळत नाही; फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत अशा वेळी एक जरी फ्री थ्रो पडला तरी असिस्ट धरतात. त्यामुळे युरोपातले आकडे एनबीएला जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय पासमुळेच बास्केट झाली का, हे नोंद करणारा अधिकारी ठरवतो. झेल घेऊन दोन-तीन ड्रिबल झाल्यावर हा निर्णय सरळ राहत नाही.

अंदाज मिनिटांपासून सुरू करावा. ३४ मिनिटे आणि मिनिटाला ०.२३५ असिस्ट धरले तर सरासरी ८ येते. पॉइसन वितरणाने (सरासरीवरून प्रत्येक आकड्याची शक्यता काढणाऱ्या सूत्राने) ८ किंवा अधिकची शक्यता ५४.७ टक्के, १० किंवा अधिकची २८.३ टक्के. आता ५२ सेंटला 'होय' घेतले, तर कागदावर २.७ सेंटचा फायदा दिसतो. पण कॅल्शीचे सर्वसाधारण शुल्क ०.०७ × भाव × (१ − भाव) या सूत्राने निघते. ते करारामागे सुमारे १.७५ सेंट. हातात उरतो जेमतेम १ सेंट. तोच खेळाडू ३० मिनिटेच खेळणार असेल, तर सरासरी ७ वर येते आणि शक्यता ४० टक्क्यांवर घसरते. चार मिनिटांनी सगळे गणित उलटते, म्हणून दुखापतींची यादी शेवटपर्यंत पाहत राहावी लागते.

मिनिटांनंतर पाहायचे ते संभाव्य असिस्ट, म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच फटका मारला, पडो वा न पडो. सलग तीन सामन्यांत असिस्ट घटले, पण संभाव्य असिस्ट तेवढेच राहिले, तर बहुधा सहकाऱ्यांचे फटके चुकले आहेत. त्या आकड्यांवरून खेळाडूचा अंदाज खाली ओढणे चूक. संघाचा मुख्य नेमबाजच खेळत नसेल तर गोष्ट वेगळी. संघ किती वेगाने खेळतात, याचाही हिशेब हवा. ३० डिसेंबर १९९० रोजी ऑर्लँडोच्या स्कॉट स्काइल्सने एका सामन्यात ३० असिस्टचा विक्रम केला, तो अतिवेगाने खेळणाऱ्या डेन्व्हरविरुद्ध, आणि ऑर्लँडोने त्या दिवशी १५५ गुण केले.

साध्या पॉइसनने बहुतेक वेळा टोकाच्या शक्यता कमी दाखवल्या जातात. कारण मिनिटे सामन्यागणिक बदलतात: एकतर्फी सामन्यात मुख्य खेळाडू चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकावर जातो, सहा फाउल झाले तर बाहेर, अतिरिक्त वेळेत ५ मिनिटांची भर. बाजारात खरेदी-विक्री कमी असेल तर 'होय' ५८ आणि 'नाही' ४६ सेंटला विकायला ठेवलेले दिसते. बेरीज १०४, म्हणजे शुल्काआधीच ४ सेंट जास्त. अशा वेळी आपला कमाल भाव ठरवून तेवढ्याचीच बोली लावावी आणि थांबावे.

पैसे टाकण्याआधी कराराचे नियम वाचावेत. खेळाडू उतरलाच नाही तर काय, अतिरिक्त वेळ धरतात का, नंतर सुधारलेली आकडेवारी लागू होते का, हे तिथेच लिहिलेले असते.

वैयक्तिक आकडे एकटा खेळाडू बिघडवू शकतो, हा या बाजाराचा सर्वांत गंभीर धोका. टोरंटोच्या जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर एप्रिल २०२४ मध्ये आजन्म बंदी आली. त्याने आपल्या प्रकृतीची गुप्त माहिती पैज लावणाऱ्याला दिली होती, आणि एका सामन्यातून तो सुमारे तीन मिनिटांतच बाहेर पडला होता. एखाद्या कमी खेळणाऱ्या खेळाडूच्या 'नाही' बाजूवर अचानक मोठी रक्कम येत असेल, तर त्या करारापासून दूर राहावे.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यासाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घातली आहे.